बाईंनी मागे घेतलेला पुरावा

डॉ. सुहासिनी केळझरकर यांची आणि माझी पहिली भेट चंदीगडला भाषाशास्त्राच्या प्रवेशाच्या मुलाखतीत झाली. मी अक्कलकोटची, वडिलांची भाषा मराठी, आईची कन्नड. मी चाचरत हिंदीत उत्तरे देत होते. बाईंनी मध्येच मराठीत विचारले, "आई रागावते ती कुठल्या भाषेत?" कन्नडमध्ये, असे सांगताच त्या प्रसन्न हसल्या.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या ज्या मूळ भाषेच्या लेकी, तिचा एकही लिखित शब्द उरलेला नाही. तिची व्यंजने लेकींचे शब्द शेजारी ठेवूनच ठरवावी लागतात. बाईंनी हयातभर हेच केले. शिकवताना मात्र त्यांना जिवंत माणसे लागत. एकदा त्यांनी मला आणि लुधियान्याच्या एका वर्गमित्राला 'घोडा' म्हणायला लावले. त्याच्या तोंडून जवळजवळ 'कोडा' आले, फक्त सूर खाली उतरला. वर्ग हसला. बाई म्हणाल्या की घ गेला, पण जाताना सूर ठेवून गेला; आपण असे मागे उरलेलेच वाचायचे असते.

मूळ भाषेत ब होता की नाही, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. बाई 'होता' म्हणणाऱ्यांपैकी, आणि संस्कृत 'बल' हा त्यांचा भक्कम पुरावा. तो शब्द कन्नडसारख्या दक्षिणेकडच्या भाषेतून उसना आला असेल, तर हा पुरावा टिकत नाही; पण ही शक्यता त्यांनी आपल्या ग्रंथात एका तळटीपेत फेटाळली होती. तिकडच्या शब्दाचा अर्थ 'बल'शी पुरेसा जुळत नाही, असे कारण देऊन.

ग्रंथाची मुद्रिते मी चंदीगडजवळच्या खरड गावातल्या माझ्या खोलीत तपासत होते. आईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, बाजारातून आणलेली काकडी 'बलितिदे', म्हणजे जून होऊन टणक झाली आहे. मी चरकले. अर्थ तर जुळत होता. दोन दिवस मी गप्प राहिले. बारा वर्षांच्या कामाला हात लावणारी मी कोण? तिसऱ्या दिवशी बाईंच्या घरी जाऊन सगळे सांगितले.

बाईंनी तिथूनच आईला फोन लावायला सांगितला. हा शब्द आणखी कुठे वापरता, असे त्यांनी विचारले. आई म्हणाली, पिलाच्या पंखांत बळ आले की तेव्हाही हेच म्हणतो. बाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "शंका मलाही होती गं. मी ती तळटीपेत दडवली. हे प्रकरण मागे घेऊ या."

प्रकाशक नाराज झाले, ग्रंथ वर्षभर लांबला. नव्या प्रकरणात ब-चा प्रश्न खुला आहे, आणि प्रस्तावनेत माझ्या आईचे नाव आहे.

त्याच वर्षी मला कावीळ झाली, तेव्हा बाई मला खरडहून आपल्या घरी घेऊन गेल्या. तीन आठवडे त्यांनी मला पथ्याचे रांधून वाढले. त्यांचा नातू त्यांना हिंदीतच उत्तरे द्यायचा. बाई न रागावता मराठीत बोलत राहायच्या. कानात गेलेले कुठे जात नाही, असे त्यांचे म्हणणे.

पंचाहत्तरीत, मोतिबिंदूची शस्त्रक्रिया होताच, बाईंनी दुसरा ग्रंथ हाती घेतला आहे. तो पाच वर्षांत पुरा होईल, असे त्या ठामपणे सांगतात. त्यांची पद्धत पाहता दहा तरी लागतील. ती दहा आणि त्यापुढचीही पुष्कळ वर्षे बाईंना धडधाकट प्रकृतीने लाभोत, हीच आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासून इच्छा.