वरचे तेवढे बदलून दे

"फोटो तोच राहू दे भाऊ, वरचे तेवढे बदलून दे," असं म्हणत आमचे आमदार माझ्या बडनेऱ्याच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरायचे आणि पंख्याखालची खुर्ची स्वतःच ओढून घ्यायचे. खाली हात जोडलेले ते, वर ओळीने पक्षाचे मोठे नेते. ही मांडणी तुम्हीही चौकाचौकात पाहता. त्यांनी पक्ष बदलला की मी वरची ओळ आणि मागचा रंग बदलायचो. हात जोडलेला फोटो मात्र पहिल्या निवडणुकीचा, काळ्याभोर मिशीचा.

एकदा तर फ्लेक्सवरची शाई वाळायच्या आत त्यांचा दुसरीकडे प्रवेश झाला. छापलेलं फ्लेक्स त्यांनी घडी करून गाडीत टाकलं. "गावात देतो. सोयाबीन झाकाले कामी येईन." भातकुलीकडे गेलात तर गंज्यांवर ते हात जोडून पसरलेले दिसायचे, वेगवेगळ्या रंगांत. लोक हसायचे. मीही हसायचो, माझा तर धंदाच होता.

"काहून बदलता साहेब घडीघडी?" मी एकदा विचारलंच.

"पुलासाठी बाप्पा. ज्याची सत्ता त्याच्या दारी गेल्याशिवाय पूल भेटते काय?"

त्यांच्या गावाच्या नाल्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात गाव तुटायचं, बाळंतीण अडली तर घरच्यांचा जीव टांगणीला. पहिल्याच निवडणुकीत त्यांनी पूल कबूल केला होता. आता पुलासाठी किती आणि खुर्चीसाठी किती, हे मला कधी कळलं नाही. शेवटी शेवटी त्यांनाही कळत नसावं. दर प्रवेशानंतर ते जरा जास्तच थकलेले दिसायचे.

गावच्या माजी सरपंच वच्छलाबाईंनी माझ्या दुकानातच त्यांना झापलं होतं. "रंग बदलल्यानं नाल्याचं पानी कमी होते काय? आमाले तोंड दाखवू नका आता."

चहा तसाच ठेवून ते उठले. पुढच्या निवडणुकीत पडले.

ते पडल्यावर पूल झाला. उद्घाटनाचं फ्लेक्स माझ्याकडेच होतं आणि त्यावर ते कुठेच नव्हते. दुकानात आले, चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "मले टाकू नको कुठं. कोन्या रंगात टाकशीन?"

मला फार वाईट वाटलं. मी पंख्याखालची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

त्याच हिवाळ्यात ते गेले. श्रद्धांजलीचं फ्लेक्स सांगायला एकाही पक्षाचं माणूस आलं नाही. प्रत्येकाला ते दुसऱ्याचे वाटत होते. आल्या त्या वच्छलाबाई, आता गावापर्यंत येणाऱ्या एसटीने.

"फोटो तोच राहू दे," त्या म्हणाल्या.

"आन् वरचे?"

"वर कोनीच नोको. मांगं आमचा पूल लाव."

ते फ्लेक्स पुलाच्या तोंडाशी लागलं. परवा तिकडून गेलो. सोयाबीनच्या गंज्या लागल्या होत्या, आभाळही भरून आलं होतं, गावात झाकायला काही ना काही शोधणं चाललं होतं. ते फ्लेक्स मात्र कोणी काढलेलं नाही.