पंपाचं माहेर

शहापूरजवळ हायवेला लागून भाताच्या कोंड्यापासून तेल काढायचा एक कारखाना होता. ऐंशीनंतरच्या वर्षांत मी तिथं ट्रेसर होते, म्हणजे यंत्रांचे नकाशे शाईनं गिरवायचे. ड्रॉइंग ऑफिसात बाई मी एकटीच, आणि तीही टेम्पररी. परमनंट होणं अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. आयटीआयच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव, हजेरीपटावर सासरचं. सासरच्यांनी लग्नात तांदळाच्या ताटात माझं नावच नवं कोरलं होतं. पर्सोनेलचे साहेब म्हणत, या दोन बाया एकच आहेत कशावरून? मी समोर धडधाकट उभी, तरी हा माणूस पुरावा मागतो! असा संताप यायचा की काय सांगू.

त्यात पंपांचा घोळ झाला. आमच्याकडे पंपाचा नंबर चौथऱ्यावरून ठरे. दोन नंबरच्या चौथऱ्यावरचा पंप उचलून पाचवर ठेवला, की पेंटर त्याच्या अंगावर पाच रंगवून मोकळा. असाच एक हलवलेला पंप बंद पडला. स्टोअरनं पाच नंबर पाहून जुन्या पाचचं बेअरिंग दिलं. ते काही केल्या बसेना. कारखाना ठप्प. फिटर म्हणे स्टोअर आंधळं, स्टोअर म्हणे फिटर बहिरे, आणि चीफ इंजिनीअर दोघांच्याही नावानं खडे फोडत फिरले.

शेवटी मीच मध्ये तोंड घातलं. "साहेब, चौथरा म्हणजे सासर. तिथं आज एक नांदते, उद्या दुसरी. चौथऱ्याचं नोंदीचं कार्ड वेगळं ठेवा आन् पंपाचं वेगळं. पंपाच्या अंगात, बिडाच्या लोखंडात ओतलेला नंबर काही पेंटरले पुसता येत नाही."

सगळे खो खो हसले, पण केलं तसंच. पंप कुठून आला, कुठं गेला, त्याचं काय काय बदललं, सारं त्याच्या अंगच्या नंबरावर चढू लागलं. पुढच्या वेळी बेअरिंग पहिल्या झटक्यात बसलं.

चीफ खूश. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, जागा बदलली, वरचं नाव बदललं, तरी वस्तू तीच राहते. पर्सोनेलचे साहेबही मान डोलावत होते. आता मात्र मला राहवेना.

"मंग साहेब, मीच तेवढी दोन काहून?"

पर्सोनेलचे साहेब गडबडले, पण हटणारा माणूस नव्हे. "बाई, पंपावर नंबर ओतलेला असतो. तुमच्यावर काय आहे?"

मी बांगड्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवला. लहानपणी आईनं मोहाडीच्या बाजारात गोंदवून घेतलेलं माझं नाव तिथं होतं.

साहेबांनी चष्मा चढवला, दाखला मागवला, अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं आणि खात्री करायला ते नाव मोठ्यानं वाचलं.

लग्नानंतर त्या नावानं मला कोणी हाक मारलीच नव्हती. माझ्या तोंडून आपसूक "ओ" निघून गेली. त्यांनी तिथंच परमनंटच्या कागदावर सही केली, आणि मी मेली सगळ्यांदेखत रडत बसले.