बिनचिंचेचं अळू

मावशी पातेल्याचं झाकण उचलायची, आधी आत बघायची आणि मग आमच्या तोंडांकडे. "काल हितपर व्हती," असं म्हणून पातेल्याच्या कडेला बोट टेकवायची. बोट पातेल्यावर, नजर आमच्यावर. काही न केलेल्या माणसालाही उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी जीव असेलच, पण आमच्या मावशीची सर त्याला नसणार. ती मूळची चिंचणीची, होडीवाल्यांच्या घरातली. बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर तिची खाणावळ होती. आम्ही जेवणारे सगळे बाहेरगावचे. मी मिरजेकडचा, कुणी अकोल्याचा, कुणी बीडचा. तिच्या लेखी सगळे एकजात चोर.

तिचा एक सिद्धांत होता. खाण्यावरून आपण जे जे बोलतो, ते सगळं चोऱ्यांमधून निघालंय म्हणे. मी एकदा विचारलं, "मावशी, मूग गिळून बसला, असं का म्हणतात?"

"मूग चोरनारा घावला. तोंडात मूठभर कच्चे मूग. बोलनार कसा? गिळले नि बसला गप."

"आणि हातावर तुरी देणं?"

"राखनदाराच्या हातावर चार शेंगा ठेवल्या नि चोर पळाला. तो बसला सोलत."

"मग खिचडी शिजणं?"

"चोरांना येळ कुटं असतो? खिचडी लवकर शिजते." एवढं सांगून ती माझ्याकडे रोखून बघायची. "पन तू का इचारतोस?"

खरंखोटं मी कधी तपासलं नाही. ती इतक्या ठामपणे सांगायची की तपासायची हिंमतच झाली नाही.

एका पावसाळ्यात मात्र दुसऱ्या पाळीच्या माणसांसाठी बाजूला काढलेली भाजी खरोखरच कमी व्हायला लागली. मावशीने आधी आमच्यावर डोळा ठेवला, मग गॅसवाल्यावर, मग दूधवाल्यावर. शेवटी तिची नजर भांडी घासणाऱ्या काकीवर येऊन थांबली. काकी वाणगावकडून यायची, मान खाली घालून काम करायची आणि जायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात. "लई गप असते, तेच मला खटकतं," मावशी म्हणाली. "ती निघाली तर उद्यापासनं तिला काम नाय. चोर मी चुलीपाशी ठेवनार नाय."

एकदा सकाळी रात्रपाळी संपवून चहाला गेलो, तर मावशी अळू चिरत बसलेली. "आज चिंच घालनार नाय," ती कुजबुजली. "सुक्या कोळंबीचे सोडे घालते, वास कसा सुटंल बघ. पातेलं मागं ठेवते नि मी जाते मासळी बाजारात. खाई त्याला खवखवे! जुनी मानसं उगाच नाय बोलली."

बिनचिंचेच्या अळूने घसा कसा खाजतो, हे तुम्हाला सांगायला नकोच.

दुपारी झोप अर्धी टाकून मी जेवायला गेलो. खोटं कशाला बोलू, तमाशा बघायला गेलो. पंगत बसलेली होती. मोरीपाशी काकी पाठमोरी भांडी घासत होती आणि सारखी घसा खाकरत होती. तिच्या पदराआड एक छोटा स्टीलचा डबा होता. मावशीने पातेल्याचं झाकण उचललं, आत पाहिलं. मग काकीकडे पाहिलं आणि मग त्या डब्याकडे.

इतक्यात अकोल्याचा ओरडला, "काय काकी, खाई त्याला खवखवे का?"

वाक्य मावशीचंच, सगळ्यांना पाठ. माना मोरीकडे वळल्या. काकीचे हात जागच्या जागी थांबले.

मावशीने पातेलं उचललं आणि एकेकाच्या ताटात पळी पळी अळू वाढत सुटली. "खा रे, सोडे हायत." शेवटची पळी तिने स्वतःच्या तोंडात घातली. बघता बघता अख्खी खाणावळ खोकायला लागली.

"अगो बाय!" मावशीने कपाळावर हात मारला. डोळ्यांत पाणी आलेलं. "चिंचच इसरली की मी. सकाळी काकीनं चाखून सांगितलं व्हतं, मीच आयकलं नाय."

आम्ही तिला यथेच्छ नावं ठेवली आणि तिने ती ऐकून घेतली. आयुष्यात ती एकदाही चिंच विसरली नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला ती फार, फार आवडली.

दुसऱ्या दिवसापासून तो डबा मावशीच भरायला लागली. काकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, हे तिने कधी विचारून घेतलं कोण जाणे. भरतानाही कुरकुर चालूच. "हितपर भरलाय हां. वाटेत कमी झाला तर मला समजंल."

आता मावशी नाही. खाणावळ काकी चालवते. ती पातेल्यात बघत नाही, आमच्या तोंडांकडेही नाही. फक्त अळू केलं की त्यात चिंच इतकी घालते की दात आंबतात. नवी पोरं तोंडं वाकडी करतात. त्या पंगतीतले आम्ही दोघं-तिघं मात्र मूग गिळून जेवतो, आणि काकी पळी घेऊन आली की ताट पुढे करतो.