मिठाचा शेक

"चिमटा लावू नकोस, भिंत तडकेल," मी असिस्टंटला म्हणालो. हिराजी नाखवांची महाधमनी माझ्या बोटांना अंड्याच्या कवचासारखी लागत होती.

दिवाळे कोळीवाड्यातले हे नाखवा स्वतःच्या होडीचे मालक. हृदयाकडून पायांकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी त्यांच्या पोटात फुगली होती. आम्ही त्याला अॅन्युरिझम म्हणतो. तो फुटला की माणूस हातचा जातो. म्हणून तो उघडून आत कापडी नळी शिवायची. पण आयुष्यभर विड्या ओढून त्या वाहिनीत चरबीचे आणि चुन्याचे थर बसले होते. चिमट्यानं थर फुटला तर त्याचे कण पायात जाऊन अडकतात.

ऐंशीच्या दशकातलं वाशी, साधनं बेताचीच. लघवीसाठी वापरतात ती रबरी नळी वाहिनीत सारली आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवून रक्त थोपवलं. शिवण चांगली झाली.

तरी काही कण निसटलेच. दुसऱ्या दिवशी डावं पाऊल गार, बधिर. संध्याकाळपर्यंत सुधारलं नाही तर ते कापावं लागणार होतं.

"मंग होरीत उभं कसं रावाचं त्यांनी?" चांगुणाबाईंनी, त्यांच्या बायकोनं विचारलं. मी पाऊल पुन्हा चाचपलं.

"मिठाचा शेक देव का?"

"अजिबात नाही. त्यांना पायात काही कळत नाहीये. भाजेल."

"मिठाचा शेक कोनाला बाधत नाय, डाक्टर."

"चांगुणाबाई, नाही म्हटलं ना."

रक्त पातळ ठेवायचं औषध चालू होतं. करण्यासारखं बाकी काही नव्हतं. मी नाखवांच्या पावलावर बोट ठेवून खुर्चीत बसलो. खिडकीबाहेर खाडी भरत होती. बोटाखाली ठोका लागे, पण तो त्यांचा की माझ्याच बोटातला, ते कळेना. पंखा संथ फिरत होता. पाणी वॉर्डात शिरलंय, खाटा हलकेच तरंगतायत आणि आम्ही दोघं कुठंतरी निघालोय, असं वाटत राहिलं. मला भीती वाटत होती, आणि तरी फार शांत वाटत होतं.

"पाय जालतेस काय गो माजा?"

मी दचकून जागा झालो. चांगुणाबाई पोटली पदराआड लपवत होत्या. कँटीनच्या शेगडीवर मीठ तापवून आणलं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि थांबलो.

"काय म्हणालात, नाखवा?"

"चटका बसला."

मी टाचेला टाचणी टोचली. शिवी आली. अंगठ्याला टोचली. मोठी शिवी आली. इतक्या आनंदानं मी शिव्या कधी खाल्ल्या नव्हत्या.

पाऊल वाचलं, करंगळी तेवढी गेली. शेकाचा फोड भरेपर्यंत मात्र पावसाळा संपला. मग नाखवा होडीवर गेले.

बधिर पायाला शेक देऊ नये, हे मी विद्यार्थ्यांना अजून बजावतो. हिराजींचं मात्र सांगत नाही. कुणीतरी खात्री करायला मीठ तापवेल.