भिंग पुसताना

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची परिषद होती. शेजारच्या हॉस्पिटलात चाललेलं गर्भाशयाचं ऑपरेशन आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर बघत होतो.

"काय सुरेख टाके घालतोय गं!" शेजारची मैत्रीण म्हणाली.

तेवढ्यात दुर्बिणीचं भिंग धुरकटलं. पुसायला ते बाहेर काढलं, तेव्हा पडद्यावर क्षणभर पेशंटचा एक हात दिसला. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, वरून गुंडाळलेली चिकटपट्टी. काढू नका म्हणाली असणार. भिंग पुन्हा आत गेलं, पण मला खुर्चीत बसवेना. आपण छेद लहान करत गेलो. त्याबरोबर बाईही दिसेनाशी झाली का?

जेवणाच्या रांगेत टाक्यांचंच कौतुक चाललं होतं.

"शुद्धीवर आली का गं ती?" मी विचारलं.

"कोण?" म्हणत मैत्रिणीने माझ्या ताटात पापड ठेवला.