शापित नीलम आणि चेन्नईचे तीन दिवस

लग्नाआधी मुली साड्या बघायला जातात. मी आईला घेऊन चेन्नईला गेले, ते एक शापित खडा आणायला. माझा होणारा नवरा प्रसन्ना तिथल्या तंजावरी मराठी घरातला. त्यांच्याकडचा नीलम थोरल्या सुनेकडे जातो आणि नको म्हटलं की अपमान. आईने पुण्यातच बजावलं होतं, "खडा बाधला तर हे लग्न विसर." मला तर प्रसन्नाच हवा होता. गाडीत अख्खी रात्र मी जागीच.

एग्मोर स्टेशनजवळ लॉज घ्या, सगळीकडे जायला सोयीचं. तिथून लोकलने तांबरमला गेलो, तिकीट अगदी किरकोळ. प्रसन्नाच्या सरोजा आत्या तिथे राहतात. त्यांनी आधी फिल्टर कॉफी दिली, मग डबी उघडली.

"हा सिलोनचा. पहिला धनी विहिरीत पडला. दुसरा खटला हरला. तिसऱ्याची बायको माहेरी गेली, ती आलीच नाही."

आईचा चेहरा उतरला.

"अय्यो, भिऊ नका. पहिल्याला अंधारात दिसत नव्हतं, दुसरा खोटं बोलला, आणि तिसऱ्याजवळ कोण राहील? आमच्यात नीलम तीन दिवस जवळ ठेवून पाहायचा. साजला तर ठेवायचा, नाही तर परत. सरी? ठीक ना?"

"आण इकडे, मी नीट बांधते," म्हणत आई खडा घेऊन आतल्या खोलीत गेली. बाहेर येऊन तिने निळ्या कापडाची पुरचुंडी माझ्या पर्समध्ये घातली.

आणि सुरू झालं! परतताना मी घाईघाईत आईला घेऊन उलट्या दिशेच्या लोकलमध्ये चढले. मी रडकुंडीला, आई खिडकीत बसून उकडलेल्या शेंगा खातेय.

दुसऱ्या दिवशी मैलापूरच्या देवळाबाहेर माझ्या नव्या चपला गेल्या. (चपलांसाठी पिशवी न्याच.) डांबर असं तापलेलं की मी नाचतच रिक्षा गाठली. त्यानंतर केळीच्या पानावर जेवलो. आईला वाढप्याने न मागता दुसऱ्यांदा पायसम वाढलं, माझ्या ओढणीवर रसम सांडलं.

तिसऱ्या दिवशी बेसंट नगरच्या किनाऱ्यावर सेल्फी काढताना फोन लाटेत गेला. आता मात्र माझा धीर सुटला. संध्याकाळी तांबरमला आत्यांसमोर मी मान खाली घालून बसले. आई काय बोलणार हे ठरल्यासारखंच होतं.

"साजला," आई म्हणाली.

मी झटकन मान वर केली. आईने कमरेचा बटवा काढला आणि त्यातून नीलम काढून आत्यांच्या हातावर ठेवला. "तीन दिवस माझ्याजवळ होता. काही व्हायचंच असेल तर मला होऊ दे म्हटलं. झालं काय, तर खिडकी मिळाली आणि दोनदा पायसम."

"मग माझ्या पुरचुंडीत काय होतं?"

"सुपारी. तुमच्याच तबकातली घेतली हो," आई आत्यांना म्हणाली.

"आणि माझ्या चपला? फोन?"

"तो तुझा जन्मजात वेंधळेपणा. त्याला नीलम काय करणार?"

आत्या डोळे पुसत हसत होत्या. मला हसू येईना, मी आईला घट्ट मिठी मारली.

पुण्यात येऊन महिना झाला. लग्नाची तारीख ठरली, नीलम अंगठीत बसवायला दिलाय. सगळे विचारतात, भीती नाही वाटत? नाही वाटत. निळी पुरचुंडी अजून पर्समध्ये आहे, सुपारीसकट.