विहिणीच्या घरी न्हाणं घालायचं म्हणून मी ग्रीक शिकले

मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते, नात टाईप करते आणि मध्येमध्ये हसते. तेव्हा चुका तिच्या, गोष्ट माझी. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे, पण परक्या मुलखात सुनेच्या बाळंतपणाला जाणाऱ्या बायका आता गल्लीगल्लीत झाल्या आहेत. त्यांच्या कामाला येईल.

माझा धाकटा सुनील जहाजांच्या दुरुस्तीचं काम करायला ग्रीस देशात गेला आणि तिथलीच मारिया करून बसला. पोरगी गुणाची. पण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिचं माहेर समुद्राकाठच्या थेस्सलोनिकी शहरात. विहिणीच्या घरी सासू जाऊन बसते, असं आमच्या भडगावात कोणी ऐकलं नव्हतं. मला मात्र जायचंच होतं. घरातल्या सगळ्या नातवंडांना पहिलं तेल आणि पहिलं न्हाणं माझ्या हातचं. हेच एक तेवढं सुटणार होतं.

फोनवर सुनील म्हणाला, "आई, ये तू, पण इथे बाळाला कोणी असं हातात देत नाही. नुसतं बघायचं."

"बघायला फोटो पाठव की. मला त्यांची भाषा शिकव, मी मागून घेईन."

त्याने तिथे एक शिकवणीची बाई ठरवली. हे कळल्यावर माझा दीर, ज्याला अख्खी गल्ली नाना म्हणते, ओट्यावर येऊन बसला. "वहिनी, तुले आठे मराठी वाचता ये नही, नि तठे ग्रीक शिकाले चालनी?"

"नाना, तुले वाचता येस, तरी तुनं कोन ऐकस?"

नाना पाणी न पिताच गेला.

एस.टी.ने पाचोरा, रेल्वेने मुंबई, मग विमान, मग दुसरं विमान. जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. विमानात लुगडं नेसून जा, पण खाली मोजे घाला, पाय गारठतात. आणि डिंकाचे लाडू वरच्या पिशवीत ठेवा. तिथल्या तपासणीवाल्याने माझा लाडू नाकाशी नेला. मी खूण केली, खा. त्याने खाल्ला आणि पिशवीची चेन स्वतः लावून दिली.

शहर छान. रस्ता थेट समुद्राला जाऊन टेकतो, आणि संध्याकाळी सगळं गाव काठाकाठाने काही काम नसताना चालत असतं. दही चक्क्यासारखं घट्ट, पाव बरा. जैतुनाची फळं बोरं समजून तोंडात टाकू नका, खारट असतात. मिरची घरून न्या.

शिकवणीची बाई म्हणजे देस्पिना बाई. शाळेतून निवृत्त झालेली, समुद्राकडे गच्ची असलेल्या घरात एकटी राहणारी. पहिल्या दिवशी सुनील मध्ये बसला. बाईने विचारलं, "यांना काय काय बोलायचं आहे?"

मी म्हटलं, "स्टेशन कुठे, भाव काय, ते नको. पाणी, तेल, गरम, हळू, आणि बाळ माझ्याकडे द्या. एवढंच हवं."

बाईने आणलेलं पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी एक रबरी बाहुली आणि परात घेऊन आली. तिथून पुढे माझी शिकवणी परातीत झाली. पाणी म्हणजे नेरो, तेल म्हणजे लादी, गरम म्हणजे झेस्तो, बाळ म्हणजे मोरो. लिहून घ्यायची सोय नाही, म्हणून मी शब्द आमच्या मळ्यात नेऊन ठेवले. नेरो विहिरीवर, लादी भुईमुगाच्या वाफ्यात, झेस्तो इंजिनाच्या खोलीत. विसरले की मनातल्या मनात मळ्यात चक्कर मारायची.

शेवटचा एक शब्द मला हवा होता. आमच्याकडे नवं बाळ पाहिलं की गोड म्हणत नाहीत, दृष्ट लागते. "काय गं ध्यान!" असं म्हणतात. सुनील कामावर होता, म्हणून मी खुणा केल्या. सडकं वांगं दाखवलं, तर बाईने सडक्याचा शब्द दिला. मग मी तोंड वाकडं केलं, डोळे तिरळे केले. बाई हसून म्हणाली, "आस्किमो." कुरूप. तो शब्द मी थेट आमच्या उंबऱ्यावर ठेवला.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी देस्पिना बाईही मिठाई घेऊन आली होती. विहीण सोफिया, धिप्पाड बाई, गुडघ्यांनी अधू. तिने दुपटं उघडून बाळ माझ्यापुढे धरलं. मी बघितलं, डोळे भरून आले, आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "आस्किमो मोरो!"

मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने म्हटलं. सोफियाने बाळ छातीशी ओढलं. मारिया रडायला लागली.

"आई! काय बोललीस तू!"

"जे बोलतात तेच. तू झालास तेव्हा तुला माकड म्हणाल्या होत्या सगळ्या, आणि मी साखर वाटली."

सुनीलने घाम पुसत पुसत त्यांना सांगितलं. सोफियाने माझ्याकडे रोखून बघितलं, मग बाळावर वाकली आणि फ्तू, फ्तू, फ्तू, तीनदा थुंकल्यासारखं केलं.

आता माझं डोकं फिरलं. "माझ्या नातीवर थुंकते ही बाई?"

देस्पिना बाई खुर्चीत बसून पोट धरून हसत होती. सुनीलला म्हणाली, सांग आईला, हेही दृष्टीसाठीच. मी सोफियाकडे बघितलं, सोफियाने माझ्याकडे. दोघी हसलो, पण बाळ तिने दिलं नाही. मी रात्रभर मळ्यात फिरत राहिले.

सकाळी मी न्हाणीघरात फरशीवर टॉवेल अंथरून बसले, लुगडं वर खोचलं, पाय लांब केले आणि म्हटलं, "नेरो झेस्तो. लादी. मोरो, दोसे मू." म्हणजे, बाळ माझ्याकडे द्या. सोफिया दारात उभी. ती पाण्याजवळ आली, कोपर बुडवून बघितलं. मीही बुडवलं. बराच वेळ ती माझ्या उघड्या पायांकडे बघत राहिली, आणि मग बाळ माझ्या पायांवर आडवं ठेवून म्हणाली, "सिगा, सिगा." हळू, हळू.

हळूच केलं. पोरीने आधी किंकाळी फोडली, मग जांभई दिली, आणि पाठीला तेल लागता लागता झोपली. मला तर डोक्यावरची भरलेली पाटी कोणीतरी हात लावून उतरवल्यासारखं झालं. त्यांच्याकडेही बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. तेवढे दिवस न्हाणं माझं, आणि दारातली जागा सोफियाची.

भडगावला परतले, नानाने ग्रीक बोलून दाखव म्हटलं. मी बोलले. त्याला काय कळणार! आता शब्द बरेच गेले, मळाही ठिबकवर गेला. तिकडे मन मात्र अडकलं नाही याचं मलाच नवल वाटायचं. इतक्या लांब नात ठेवून आले, आणि रात्री शांत झोप लागत होती.

त्याचं कारण सुनीलचा पहिला फोन. म्हणाला, "आई, सासूबाई आता रोज फरशीवर पाय पसरून बसतात आणि पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालतात. ती टबात राहतच नाही. पण त्यांचे गुडघे असे, की उठवायला आम्ही दोघं लागतो."

म्हटलं, "तेल जरा तिच्याही गुडघ्यांना लाव."